गिलेन थिरियाँचे जर्मन पाहुणे

मार्च महिना लागला की आमच्या गावातले लोक गिलेनला बघून रस्ता बदलायचे. बाई वाईट होती म्हणून नव्हे. ती दिसली की खाट मागणार, हे ठरलेलं. बेकरीच्या रांगेत पाव घ्यायच्या आधी ती मागे वळून विचारायची, "तुमच्या थोरलीची खोली रिकामी झाली ना हो आता?" दवाखान्यात तेच, चर्चच्या पायरीवर तेच. म्हाताऱ्या लुसियाँच्या अंत्यविधीला तर कहर झाला. शवपेटी अजून खाली उतरायची होती, आणि हिने त्याच्या सुनेच्या कानाशी लागून विचारलं की आजोबांची खोली मे महिन्यात मोकळीच असेल का. सून रडता रडता हो म्हणाली. मी शेजारीच उभी होते. हसावं की गिलेनच्या पाठीत एक धपाटा घालावा, मला कळेना.

मी ऑदेत. आमच्या ऑर्व्हमाँ गावच्या शाळेत मुलांचा स्वयंपाक करते. गिलेन थिरियाँ त्याच शाळेत जर्मन शिकवायची आणि माझ्या शेजारच्या घरात राहायची, भिंतीला भिंत लागून. तिला खाटा लागायच्या त्या जर्मन मुलांसाठी. मे महिन्यात ब्रेमेनकडच्या एका शाळेची मुलं आठवडाभर आमच्याकडे येत, आमच्या घरात राहत, आमच्या फ्रेंच मुलांबरोबर वर्गात बसत, आणि एक दिवस बसने पहिल्या युद्धातली व्हर्दांची रणभूमी बघून येत. मग शरद ऋतूत आमची मुलं त्यांच्याकडे जात. याला शाळेत एक्स्चेंज म्हणत. एकेका मुलाला एकेक घर लागे. "हॉटेलात नाही, घरात," गिलेन म्हणायची. "हॉटेलात राहिलं की नुसता नाश्ता मिळतो. भाषा घरात येते." लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, बागेत कधी फुलं लावली नाहीत. बावीस वर्षं हा एकच उद्योग.

आणि हे सगळं कोणाच्या लेकीने करावं, तर फेर्नाँ थिरियाँच्या!

फेर्नाँच्या बापाला दुसऱ्या युद्धात जर्मनांनी धरून नेलं, तो परत आला नाही. त्यामुळे त्या घरात 'जर्मन' हा शब्दही कोणी मोठ्याने काढत नसे. गिलेन अकरा वर्षांची असताना एक म्हातारी जर्मन बाई त्यांच्या फाटकाशी आली. पहिल्या युद्धात मेलेल्या भावाची कबर शोधत होती बिचारी. फेर्नाँने तिचे दोन शब्द ऐकले, घरात गेला आणि आतून कडी घातली. गिलेन बाहेर कुंपणापाशीच राहिली. म्हातारी तिच्याशी बोलत राहिली, बोलत राहिली, आणि पोरीला एक अक्षर कळेना. शेवटी म्हातारीने तिच्या गालाला हात लावला आणि आल्या रस्त्याने निघून गेली. पुढच्या वर्षी शाळेत भाषा निवडायची वेळ आली तेव्हा गिलेनने जर्मन घेतलं. बाप तो अख्खा हिवाळा तिच्याशी बोलला नाही. जेवताना मीठ हवं असलं तर बायकोला म्हणायचा, "तुझ्या जर्मनला सांग, मीठ सरकव."

पण लेक शेवटपर्यंत त्याच्याजवळच राहिली. बाईसाहेब दुपारी वर्गात जर्मन कविता शिकवायच्या आणि संध्याकाळी येऊन म्हाताऱ्याचे पाय चेपायच्या. तो अर्धांगाने पडला तेव्हा त्याचं हगणंमुतणं तिनेच काढलं. तिने एवढं करूनही त्याने एकदाही जर्मन पाहुण्यांच्या जेवणाला पाऊल टाकलं नाही.

म्हाताऱ्याची एकच हौस होती, एक तोफगोळा. तरुणपणी नांगरताना सापडलेला, गुडघ्याएवढा, नाकाशी पितळेची टोपी असलेला. आमच्या भागात नांगराला दगड लागतात तसे गोळे लागतात. शंभर वर्षं झाली तरी जमीन ते ओकतेच आहे. गोळा लागला की बाजूला, विजेच्या खांबाशी ठेवायचा आणि बॉम्बवाल्यांना फोन करायचा, असा कायदा आहे. पण गोळा देखणा असला तर कायदा कोणाला आठवतो? लोक घरी घेऊन जातात. कोणी त्यात छत्र्या ठेवतं, कोणी अंगणात दोन बाजूंना दोन उभे करतं. फेर्नाँ दर रविवारी चुलीपाशी बसून आपला गोळा घासायचा, पितळ लख्ख करायचा. "रिकामा आहे," विचारलं की म्हणायचा. तो गेल्यावर गिलेनने गोळा स्वयंपाकघराच्या दाराला लावला. आमच्याकडे वारा फार, दार आपटतं. मी रोज तिच्याकडे कॉफीला जायचे आणि रोज त्याला वळसा घालायचे. माझं कधी लक्षही गेलं नाही त्याच्याकडे.

बाविसाव्या वर्षी हिवाळ्यातच वरच्या ऑफिसातून निरोप आला. जर्मनला मुलं नाहीत, सगळ्यांना स्पॅनिश हवंय. हेडमास्तर व्होझेलनी गिलेनला खोलीत बोलावलं. मी त्यांना कॉफी द्यायला गेले होते. कप ठेवायला मला नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला.

"मे महिन्यातली भेट छान होऊ द्या, मादाम थिरियाँ," व्होझेल म्हणाले. "पालकांना काहीतरी बघू द्या. नवी मुलं जर्मनला आली तर मी वर जाऊन भांडतो. नाही आली तर माझा नाइलाज आहे. इथला वर्ग बंद. तुम्हाला तीन गावांत मिळून तास देतील."

"आणि एक्स्चेंज?"

"वर्गच नाही तर एक्स्चेंज कशाचं, मादाम?"

ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. मी म्हटलं, "अगं, पंचावन्नची झालीस. दोन-चार वर्षांनी निवृत्तच होणार आहेस. सोड ना आता."

"मी निवृत्त होईन गं," ती म्हणाली. "पण मग कोण करणार?"

तेव्हापासून ती नुसती पिसाटली. यंदा खाटा पूर्वीपेक्षा अवघड होत्या. कोणी नवा सोफा घेतला होता, कोणाचा कुत्रा परक्यावर भुंकतो, कोणाच्या आजीला जर्मन बोलणं सहन होत नाही. बेकरीवाली मादाम गॉदे तर काउंटरवर हात टेकून उभीच राहिली.

"माझ्याकडे? परत? मागच्या वर्षीचा तो मुलगा आठवतोय का? बेकरीवाल्याच्या घरी राहून म्हणे, पाव नको! काळा पाव द्या!"

"यंदाची मुलगी मिळेल ते खाते," गिलेन म्हणाली.

"त्याच्याबद्दलही तुम्ही हेच म्हणाला होतात."

"मादाम गॉदे, तुमच्या क्लेलियाला जर्मनमध्ये पंधरा गुण मिळालेत वीसपैकी. तिच्यासाठी तरी."

"गुणांची काय गादी करून झोपवू त्या पोरीला?"

रांगेतले लोक फिदीफिदी हसले. गिलेनही हसली. तशीच हसत उभी राहिली, जागची हलेना. शेवटी मादाम गॉदेने पाव कागदात गुंडाळताना म्हटलं, "बरं, बरं. पण डुकराचं मांस खात नाही, अंडं खात नाही, असलं काही पाठवू नका." गिलेन पाव तिथेच विसरून बाहेर पडली. मी तो मागून नेऊन दिला.

एवढं करूनही एक मुलगी उरली. वीबके नावाची, तेरा वर्षांची. जर्मन मुलांबरोबर येणाऱ्या बाई, हायके राडेमाखर, दर वर्षी गिलेनकडेच उतरत. दोघी जुन्या मैत्रिणी. गिलेन माझ्याकडे आली. "ऑदेत, हायकेला तू घे. वीबकेला मी माझ्याकडे ठेवते. एक जरी मूल बिनखाटेचं राहिलं तरी त्यांची शाळा सगळंच रद्द करेल." मी म्हटलं, घेते. हायके मला आवडायची. माझ्या हातची बटाट्याची भाजी तीनदा वाढून घ्यायची आणि भांडी घासायलाही उभी राहायची.

मे महिन्यात मुलं आली. पहिल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला हसण्याचा आवाज आला. थिरियाँच्या घरात पोराचा आवाज मी त्याआधी ऐकलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी गेले तर गिलेन बरणीत साठवलेल्या पिवळ्या मिराबेल प्लमांचा टार्ट भट्टीत घालत होती, आणि ती सडसडीत पोर त्या गोळ्यावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. गिलेन म्हणाली, "बघ गं, ही मला मादाम म्हणत नाही. टांटे म्हणते. म्हणजे मावशी." हे सांगताना ती लाजली. पंचावन्न वर्षांची बाई लाजलेली मी पहिल्यांदाच बघितली, आणि मला भलतंच भरून आलं.

गुरुवारी व्हर्दांची सहल. डबे घेऊन मीही बसमध्ये. हेडमास्तर व्होझेल आले होते, आणि पालकांतर्फे मादाम गॉदे. क्लेलियाचं आणि तिच्या पाहुण्या मुलीचं चांगलं जमलं होतं म्हणून बाईंची कळी खुलली होती. आम्ही दुओमाँच्या अस्थिगृहात गेलो. तिथे खालच्या लहान खिडक्यांतून त्या लढाईत मेलेल्या सैनिकांच्या हाडांचे ढीग दिसतात. वीबकेने खिडकीला नाक लावलं आणि विचारलं, "यात आमची कुठली?"

"कोणालाच माहीत नाही," गिलेन म्हणाली. "वेगळी करता आली नाहीत. तुमचीही तीच, आमचीही तीच."

पोरं एकेक करून खिडक्यांशी वाकली. आमचीही, त्यांचीही. व्होझेल माझ्याजवळ येऊन म्हणाले, "ऑदेत, हे बघायला खरं तर वरच्या ऑफिसातल्यांना आणायला हवं होतं. येतील हो नावं. मादाम गॉदे स्वतः बोलल्यात, चार घरांना सांगते म्हणून." हे मी जाऊन गिलेनला सांगितलं. तिने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली. त्या दिवशी दुपारपर्यंत ती जिंकलेली होती.

जेवणानंतर जंगलातल्या पायवाटेवर एक तरुण वाटाडी बाई आम्हाला खंदक दाखवत होती. वाटेत एक फलक होता. त्यावर गोळ्यांची चित्रं. "असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लगेच सांगायचं," ती म्हणाली आणि एका चित्रावर बोट ठेवलं. "विशेषतः हा. टोपी अजून लागलेली असेल तर तो फुटलेला नाही, असं समजायचं."

वीबकेने हात वर केला. छान फ्रेंचमध्ये, एकही चूक न करता ती म्हणाली, "हा मादाम थिरियाँच्या घरी आहे. स्वयंपाकघराचं दार धरून ठेवतो."

आमचे सगळे हसले. मी हसले, व्होझेल हसले, मादाम गॉदे तर पोट धरून. "अगं बाळ, तो आमच्याकडे सगळ्यांकडेच असतो!"

जर्मन मुलं हसली नाहीत. हायके तर अजिबात नाही. त्यांच्या गावात जमिनीत बॉम्ब सापडला की अख्खा मोहल्ला रिकामा करतात, शाळेला सुट्टी देतात, म्हाताऱ्यांना रुग्णवाहिकेतून हलवतात. आम्ही तो बाजूला ठेवतो आणि नांगर पुढे हाकतो. हायकेने हळू आवाजात विचारलं, "गिलेन, टोपी आहे त्याला?"

"आहे ना. बाबा घासायचे. तीच तर शोभा—" आणि गिलेन बोलायची थांबली.

वाटाडी बाईने फोन काढला होता.

परतीच्या बसमध्ये त्या दोघी पुढच्या बाकावर, मी मागे. गिलेन एकसारखी बोलत होती, कधी फ्रेंचमध्ये, कधी जर्मनमध्ये. "हायके, तो रिकामा आहे. बाबा म्हणायचे रिकामा आहे. पन्नास वर्षं चुलीशी होता, काही झालं का? तू आत्ता तुमच्या शाळेला फोन करू नकोस. बॉम्बवाल्यांनी बघू दे, मग कर. एवढंच मागते. एक तास."

"मूल त्यावर बसत होतं, गिलेन."

"माहीत आहे गं मला! माहीत नाही का?"

हायकेने फोन मांडीवर उलटा ठेवला. पण तिचा हात त्यावरच होता.

गावात पोलिसांनी आमची गल्ली बंद केली होती. सगळी वस्ती फुटबॉलच्या मैदानावर. पोरांना तर जत्राच. आमची नि त्यांची मिळून गवतावर लोळत होती. मोठी माणसं हातावर हात बांधून उभी. बॉम्बवाले दोघं, जाड अंगरखे घालून गिलेनच्या घरात गेले. गिलेन कुंपणाला धरून उभी होती. ओठ हलत होते. मी जवळ गेले तर ती जर्मनमध्ये पुटपुटत होती, एकच वाक्य, पुन्हा पुन्हा. विचारलं, काय म्हणतेस? म्हणाली, "रिकामा असू दे." मी आयुष्यात देवाला फारसं विनवलेलं नाही, पण तेव्हा विनवलं. रिकामा असू दे बाबा. या बाईने तुझ्याकडे दुसरं काय मागितलंय?

बऱ्याच वेळाने त्यातला वयस्कर माणूस घाम पुसत आला. त्यांनी गोळ्याचा एक्स-रे काढला होता.

"भरलेला आहे," तो म्हणाला. "आत पातळ पदार्थ आहे. विषारी वायूचा गोळा. टोपी कोणी घासायचं?"

"माझे वडील," गिलेन म्हणाली.

"नशीबवान होते," तो म्हणाला. तसा भला माणूस होता, पण बोलायची रीत नव्हती.

हायके गिलेनजवळ गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी मऊपणे म्हणाली, "ऐक. तो गोळा आता जातोय. वीबके माझ्याबरोबर ऑदेतकडे झोपेल. आमच्या हेडमास्तरांना मी सांगेन, एकच घर होतं, आता धोका नाही. ते चिडतील, पण माझं ऐकतील. उरलेले दोन दिवस पार पडतील. मी निभावून नेईन."

गिलेनचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. बुडणाऱ्याच्या हाताला दोरी लागावी तसा. तिने हायकेच्या दोन्ही हातांवर डोकं टेकवलं. व्होझेलनीही सुस्कारा टाकला आणि आपला टाय सारखा केला.

तेवढ्यात त्या बॉम्बवाल्याने सहज, गाडीत सामान ठेवता ठेवता लोकांकडे बघून विचारलं, "आणखी कोणाकडे आहेत का असले?"

ज्याने त्याने आपापल्या बुटांकडे बघितलं. मादाम गॉदेने आकाशाकडे. मी? मी माझ्या सशांच्या पिंजऱ्याशी ठेवलेल्या दोन गोळ्यांचा विचार करत होते, माझ्या नवऱ्याने, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, हौसेने रंगवलेल्या. कोण कबूल करणार? गोळे जातील, दंड होईल, आणि ही बाहेरची माणसं आपल्याला अडाणी म्हणतील. तो माणूस दोन क्षण थांबला. विचारायचं म्हणून विचारलं होतं त्याने. दार लावून निघालाच होता.

"थांबा," गिलेन म्हणाली.

हायकेने तिच्याकडे बघितलं. मीही. मला कळलं ती काय करणार आहे, आणि मी चक्क तिची बाही ओढली. "गप बस, गिलेन. तुला शपथ आहे माझी, गप बस."

तिने माझा हात सोडवला. बावीस वर्षं ती खाटा मागत या गावातल्या दारादारांत उभी राहिली होती. प्रत्येकाच्या ओसरीवर काय आहे ते तिला पाठ होतं. ती एकेक घर सांगत गेली. "गॉदेंच्या व्हरांड्यात एक, बाकाशेजारी. औषधवाल्यांकडे जिन्याखाली. लुसियाँच्या सुनेकडे बागेत तीन. ऑदेतकडे सशांजवळ दोन. शाळेच्या फाटकाशी, फुलांच्या कुंड्यांखाली—"

"मादाम थिरियाँ!" व्होझेल ओरडले.

"—दोन," ती म्हणाली.

प्रत्येक नावाला हायकेचा चेहरा उतरत गेला. त्यातल्या बहुतेक घरांत तिची मुलं झोपत होती. शेवटचं नाव झालं तेव्हा तिने फोन कानाला लावला आणि गोलपोस्टच्या बाजूला निघून गेली. गिलेन तिच्या पाठीकडे बघत उभी होती. मग ती खाली, गवतावरच बसली.

गाव तिच्यावर तुटून पडलं. "पाहुण्यांपुढे आमची अब्रू काढली!" "बाप गप्प होता तेच बरं होतं!" औषधवाला म्हणाला, "शेवटी जर्मनांच्याच बाजूने गेली की नाही?" मादाम गॉदे जवळ येऊन म्हणाली, "खाट दिली तुला, बये. खाट दिली होती मी!" गिलेन गवताकडे बघत बसली होती. खरं सांगते, माझाही पारा चढला होता. मी म्हटलं, "तुला काय पडली होती? सगळं सावरलं होतं ना हायकेने! दोन दिवस! दोन दिवस तोंड बंद ठेवता आलं नाही तुला?"

तेव्हा मात्र तिने वर बघितलं.

"दर वर्षी मी त्यांच्या आयाबापांना फोन करते, ऑदेत. प्रत्येकाला. सांगते, तुमचं मूल आमच्या घरात सुखरूप राहील. मीच सांगते. मग मी काय बोलायला हवं होतं? तूच सांग."

आणि ती रडायला लागली. मी तिच्या शेजारी गवतावर बसले. गुडघे दुखतात माझे, तरी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला.

जर्मन मुलं त्या रात्री शाळेच्या व्यायामशाळेत झोपली आणि सकाळी त्यांची बस निघाली. मी सगळ्यांना डबे बांधून दिले. आमची मुलं निरोपाला आली होती, मोठं कोणी नव्हतं. क्लेलिया आणि तिची पाहुणी एकमेकींच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडत होत्या. वीबकेने गिलेनला मिठी मारली आणि विचारलं, "टांटे, माझ्यामुळे झालं का हे?"

"नाही गं राणी," गिलेन म्हणाली. "तू अगदी बरोबर सांगितलंस. एकही चूक नव्हती तुझ्या वाक्यात."

हायके सगळ्यात शेवटी चढली. दोघी पायरीपाशी उभ्या होत्या. गिलेनने विचारलं, "पुढच्या वर्षी?" हायकेने मान हलवली, नाही म्हणून, आणि तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. एवढ्या वर्षांत शिकली होती आमची पद्धत.

बॉम्बवाल्यांनी तो आठवडा गावातले गोळे गोळा करण्यात घालवला. बहुतेक रिकामे होते. माझे दोन्ही रिकामे निघाले, तरी परत दिले नाहीत. गॉदेंच्या व्हरांड्यातला भरलेला निघाला. त्याला लागून असलेल्या बाकावर बसून त्या दोन पोरी रोज सकाळी दूध प्यायच्या. मला वाटलं, आता तरी मादाम गॉदे दोन शब्द बोलेल. बोलली नाही. लाज वाटायला लावणाऱ्याला लोक माफ करत नाहीत, त्याने जीव वाचवला असला तरी. गिलेन पाव घ्यायला गेली की ती पाव काउंटरवर ठेवायची आणि मागच्या खोलीत निघून जायची. औषधवाल्याकडेही तीच तऱ्हा. बावीस वर्षं जी दारं ठोठावली, ती सगळी एकदम बंद झाली. गिलेन लांबच्या गावाहून सामान आणायला लागली. भिंतीपलीकडून आता काहीच ऐकू येत नसे, रेडिओसुद्धा नाही. एकदा मी सूप घेऊन गेले तर ती अंधारात टेबलाशी बसलेली. म्हणाली, "बाबांना माहीत असेल का गं, तो भरलेला आहे म्हणून?" मी म्हटलं, नसणार. मला खरंच माहीत नाही.

जर्मनला एकही नाव आलं नाही. व्होझेल वर जाऊन भांडले नाहीत; भांडायला त्यांच्या हातात काही उरलंही नव्हतं, आणि फाटकाशी रिकाम्या झालेल्या जागी त्यांनी नव्या कुंड्या ठेवल्या. वर्ग बंद झाल्याचा निरोप जूनमध्ये आला.

शेवटच्या तासाला मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. माझी खिडकी आणि तिच्या वर्गाची खिडकी समोरासमोर, उकाड्यामुळे दोन्ही उघड्या. वर्गात उरलेली पाचसहा पोरं होती. गिलेन त्यांना रस्ता विचारायला शिकवत होती: स्टेशन कुठे आहे, डावीकडे वळू का, फार लांब आहे का. पोरं तिच्या मागून म्हणत होती. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता. मी मनात म्हटलं, कमाल आहे हिची.

मग क्लेलियाने हात वर केला.

"मादाम, वीबके आणि ती सगळी आता कधीच येणार नाहीत?"

"नाही."

"आणि आम्हीही जाणार नाही?"

"नाही, क्लेलिया."

कुत्सितपणे नाही, अगदी मनापासून तिने विचारलं, "मग आम्ही हे कोणाशी बोलायचं?"

गिलेन फळ्याकडे वळली. खडू उचलला, काही लिहिलं नाही, परत ठेवला. घंटा व्हायला अजून बराच अवकाश होता. तिने पोरांकडे न बघताच सांगितलं, "जा, बाळांनो. खेळा जाऊन बाहेर."